‘अल्फ्रेड’चं लाकडी मॉडेल: सुकाणू अप्रतिम, झेंडा मात्र दुसऱ्याच वर्षाचा

घेण्यासारखं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तक्रारीही बऱ्याच येणार आहेत आणि अर्ध्यावर वाचन सोडणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या ‘अल्फ्रेड’ या युद्धनौकेचं हे लाकडी मॉडेल सुट्या भागांच्या किटमध्ये येतं आणि ते आपल्या मुंबईतच एका छोट्या कारखान्यात कापलं जातं. किंमत साडेअकरा हजार, काचेची पेटी हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. प्रमाण एका इंचाला आठ फूट. मूळ जहाज सुमारे १४० फूट लांब आणि ३२ फूट रुंद होतं, म्हणजे मॉडेलचा सांगाडा साडेसतरा इंच लांब आणि चार इंच रुंद होतो. पुढची तिरपी डोलकाठी धरली तर दोन फुटांची फळी मोकळी ठेवावी लागते. माझगावातल्या चाळीच्या खोलीत मला ती काढता आली, तेव्हा जागेचं कारण कुणी सांगू नये.

मी जन्मभर जहाजदुरुस्तीत होतो. ड्रायडॉकला लागलेल्या जहाजांच्या स्टेअरिंग गिअरचं काम आमच्या टोळीकडे असायचं. त्यामुळे कुठलंही जहाज मी मागच्या बाजूने बघायला लागतो: सुकाणू कसं टांगलंय, दांडा किती लांब आहे, दोर किंवा पाइप कुठून फिरवलेत. या किटमध्ये मन गुंतलं ते याच कारणाने. अल्फ्रेडच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र सुकाणूमुळेच आली होती, आणि मॉडेल बनवणाऱ्यांना ते ठाऊक आहे.

आधी सांगाड्याबद्दल. जहाजाचं पोट बरोबर उतरलंय, आणि ही साधी गोष्ट नाही. युद्धनौका म्हटलं की मॉडेलवाले सडपातळ फ्रिगेटचा, म्हणजे वेगवान लढाऊ जहाजाचा, आकार देऊन मोकळे होतात. अल्फ्रेड फ्रिगेट नव्हतं. फिलाडेल्फियात १७७४ मध्ये जॉन व्हार्टन यांच्या गोदीत ते बांधलं गेलं ते मालवाहू जहाज म्हणून, आणि त्याचं नाव होतं ‘ब्लॅक प्रिन्स’. मालक विलिंग आणि मॉरिस यांची व्यापारी पेढी, कप्तान जॉन बॅरी. माल जास्त मावावा म्हणून पोट भरदार ठेवलेलं. किटमधल्या बरगड्या मांडून बघितल्या की मधल्या भागातल्या बरगड्यांचा तळ जवळजवळ सपाट दिसतो आणि बाजू उभ्या चढतात. ज्याने ही रेघ काढली त्याने अभ्यास केलाय. आपल्याकडे त्याच १७७४ च्या डिसेंबरात मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. आमचे पूर्वज त्या सुमारास ठाण्याच्या साष्टी बेटात काय बघत असतील आणि तिकडे डेलावेअर नदीत हे कोरं जहाज पाण्यात उतरत असेल, हे दोन्ही एकदम डोळ्यांसमोर आणलं की त्या काळाची मोजमापं हातात येतात.

पोट भरदार असूनही जहाज पळायचं. १७७५ च्या एका सफरीत बॅरींनी चोवीस तासांत २३७ मैल कापल्याची नोंद केली आहे. शिडाच्या मालवाहू जहाजाला ही चाल फारच मोठी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे शेवटच्या लढाईच्या वेळी लागणार आहे.

४ नोव्हेंबर १७७५ ला अमेरिकेतल्या काँग्रेसने हे जहाज विकत घेतलं. आरमार उभं करायचा ठराव होऊन महिनाही झाला नव्हता. नवीन जहाजं बांधायला वेळ नव्हता म्हणून चार व्यापारी जहाजं घेतली, अल्फ्रेड, कोलंबस, कॅबट आणि अँड्र्यू डोरिया, आणि त्यांच्यावर तोफा चढवल्या. जोशुआ हम्फ्रीज यांनी सांगाडा मजबूत केला, बाजूंना तोफांसाठी भोकं पाडली. हेच हम्फ्रीज पुढे ‘कॉन्स्टिट्यूशन’सारख्या मोठ्या फ्रिगेटींचे रचनाकार झाले. दुसऱ्यासाठी बांधलेल्या सांगाड्यात तोफांचं वजन बसवणं हे नवीन जहाज बांधण्यापेक्षा डोकेदुखीचं काम असतं. ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं की एक भोक पाडायचं म्हणजे दोन बरगड्यांचा जोर कुठेतरी दुसरीकडे न्यावा लागतो.

किटमध्ये तोफांच्या खिडक्या आधीपासून कापून येत नाहीत. फळ्या बसवून झाल्यावर कागदी साचा लावून आपण त्या पाडायच्या. काही जणांना हा त्रास वाटेल. मला ही पद्धत फार आवडली, कारण फिलाडेल्फियाच्या सुतारांनीही तयार जहाजात नंतरच भोकं पाडली होती. हाताने पाडताना कळतं की खिडकी किंचित खाली गेली तर पाण्याला लागेल आणि वर गेली तर जहाज वरून जड होईल. बारीक ड्रिल आणि सपाट कानस वापरा, दोन्ही नागदेवी स्ट्रीटला मिळतात. किटबरोबर येणारी कानस फेकून द्या, तिला धारच नाही.

लाकडाबद्दल दोन गोष्टी. आतला सांगाडा प्लायचा, त्यावर पहिला थर पांढऱ्या हलक्या लाकडाचा आणि वरचा थर सागाच्या पट्ट्यांचा. साग बघून मुंबईच्या माणसाचा ऊर भरून येतो, येणारच. वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने आपल्या गोदीत सागाचीच जहाजं बांधली आणि १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. पण अमेरिकेतली जहाजं ओकची असत. सागाचा सोनेरी रंग अल्फ्रेडला शोभून दिसतो, खरा मात्र नाही, आणि इतक्या लहान प्रमाणात सागाची रेषा जाडी भरडी वाटते. मी पाण्याच्या रेषेवरच्या भागाला फिकट राखाडी वॉश दिला, त्याने बरंच निभावलं. दुसरं म्हणजे सागाला अंगचं तेल असतं. पट्टी चिकटवण्यापूर्वी मागची बाजू थिनरने पुसून घेतली नाही तर फेविकॉल धरत नाही, आणि पावसाळ्यात तर पट्ट्यांची टोकं एकेक करून सुटतात. हे पुस्तिकेत लिहायला हवं होतं. मुंबईत बनणाऱ्या किटच्या पुस्तिकेत दमट हवेबद्दल एक ओळ नसावी हे खटकलं. शक्य असेल तर फळ्यांचं काम दिवाळीनंतर काढा.

आता सुकाणू. या किटचे निम्मे पैसे मी या एका भागासाठी दिले असं समजतो.

मागच्या डेकचा एक तुकडा सुटा ठेवलाय. तो नखाने उचलला की खाली सुकाणूचा दांडा दिसतो. वर डेकवर चक्र, चक्रामागे लाकडी रूळ. रुळावर दोराचे वेढे, दोराची दोन्ही टोकं डेकमधल्या भोकांतून खाली, तिथून दोन बाजूंच्या कप्प्यांवरून वळून दांड्याच्या टोकाला. कप्पी ज्वारीच्या दाण्याहून लहान आहे आणि तरी तिला खरी खाच आहे. चक्र बोटाने फिरवलं की दोर एका बाजूने रुळावर चढतो, दुसऱ्या बाजूने सुटतो, दांडा सरकतो आणि बाहेर सुकाणूचं पातं वळतं. मी ते पहिल्यांदा फिरवलं तेव्हा हात थांबला नाही, कितीतरी वेळ डावी-उजवी करत बसलो. आमच्या काळातल्या जहाजांवर दोराच्या जागी तेलाचा दाब आणि पोलादी रॅम असायचे, पण साखळी तीच: हात, चक्र, मधली यंत्रणा, दांडा, पातं. मधलं एक जरी तुटलं तरी चक्र नुसतं हातात गरगरतं.

६ एप्रिल १७७६ च्या पहाटे अल्फ्रेडवर नेमकं हेच झालं. ब्लॉक आयलंडजवळ, मध्यरात्र उलटून गेलेली. कमोडोर इसेक हॉपकिन्स यांचा ताफा परतीच्या वाटेवर होता आणि समोर ‘ग्लासगो’ हे वीस तोफांचं एकटं ब्रिटिश जहाज आलं. आधी लहानगं कॅबट त्याला भिडलं आणि जबर मार खाऊन बाजूला झालं. मग अल्फ्रेड पुढे गेलं. खालच्या डेकवरच्या तोफांवर लेफ्टनंट जॉन पॉल जोन्स होते. गोळामार सुरू झाला आणि ग्लासगोचा एक गोळा सुकाणूच्या चक्राची कप्पी आणि दोर घेऊन गेला. सुकाणू मोकळं झालं. वाऱ्याने जहाज आडवं फिरवलं आणि त्याचं तोंड अशा दिशेला गेलं की ग्लासगोला त्याच्या लांबीतून गोळे घालता आले.

लांबीतून मारा म्हणजे काय हे मॉडेल हातात घेतल्यावर कळतं. बाजूने आलेला गोळा चार इंच रुंदीतून आरपार जातो. पुढून किंवा मागून आलेला गोळा साडेसतरा इंचांच्या अख्ख्या डेकवरून, तोफांमागे उभ्या माणसांतून जातो. आणि त्या वेळी आपल्या तोफा बाजूला तोंड करून असतात, उत्तर देता येत नाही. अमेरिकेच्या ताफ्याची दहा माणसं त्या रात्री गेली, ग्लासगोचं एक. पाच जहाजांच्या तावडीतून ग्लासगो न्यूपोर्टच्या दिशेने निसटलं.

दोर तुटल्यावर करायचं काय असतं, तर माणसं खाली पाठवून थेट दांड्यालाच दोरखंड लावून तो ओढायचा आणि वरून ओरडून हुकूम द्यायचे. आजही प्रत्येक मोठ्या जहाजाला दर तीन महिन्यांनी हाच सराव करावा लागतो: ब्रिजवरचं, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीतलं, चक्र बंद समजून मागच्या खोलीतून सुकाणू फिरवायचं, फोनवर कोन सांगत. ड्रायडॉकमधून बाहेर पडणाऱ्या जहाजावर आम्ही तो करून घ्यायचो तेव्हा सगळे दिवे लागलेले, पाणी शांत, कुणी गोळे मारत नसायचं, आणि तरी पहिल्या वेळेस उजवीकडचा हुकूम डावीकडे जायचा. अंधारात, मेलेल्या माणसांच्या मधून, नवख्या खलाशांनी ते कसं केलं असेल? कारखानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की डेकचा तो सुटा तुकडा कधीही पक्का करू नका. स्वस्त आवृत्ती काढायची झाली तर तोफा कमी द्या, पण हा भाग ठेवा.

तोफांचा विषय निघालाच आहे तर तीस पितळी तोफा मिळतात, संख्या बरोबर. पण सगळ्या एकाच मापाच्या. अल्फ्रेडवर वीस तोफा नऊ पौंडी होत्या, म्हणजे साधारण चार किलोचा गोळा, आणि दहा सहा पौंडी. लहान तोफांची नळी आखूड आणि बारीक हवी. वरच्या डेकवर मोठ्याच तोफा बसवल्या की मॉडेल वरून जड दिसतं. कारखान्याला फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला दोन साचे करतो म्हणाले. बघू.

झेंडा मात्र सरळसरळ घोटाळा आहे. पितळी पाटीवर ‘१७७५’ कोरलंय आणि झेंडा दिलाय निळ्या कोपऱ्यात तेरा ताऱ्यांचा. तो झेंडा ठरला १४ जून १७७७ ला. ३ डिसेंबर १७७५ ला जहाज आरमारात दाखल झालं तेव्हा जोन्स यांनी त्यावर चढवला तो वेगळा झेंडा होता: लाल-पांढरे तेरा पट्टे आणि कोपऱ्यात ब्रिटनचाच युनियन, म्हणजे त्यांच्या झेंड्यातलं क्रॉसचं चिन्ह. ताऱ्यांचा झेंडा खोटा नाही, कारण अल्फ्रेड १७७८ पर्यंत त्यांच्या आरमारात होतं. पण मग पाटीवर १७७५ नको. एक काहीतरी ठरवा.

मी जुना झेंडा घेतला. भुलेश्वरातून लाल आणि पांढरी बारीक रेशमी फीत आणली आणि सूनबाईंनी एकेक पट्टा जोडून शिवला. तो डोलकाठीवर चढल्यावर मला जे दिसलं ते या परिसरात राहणाऱ्या कुणालाही दिसायला हवं. पट्टे आणि कोपऱ्यात युनियन, हा जवळजवळ ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचाच झेंडा! त्या काळी आपल्या बंदरात, अपोलो बंदरापासून माझगावपर्यंत, कंपनीच्या जहाजांवर असाच झेंडा फडकत असायचा. कंपनीच्या राजवटीखालच्या मुंबईत अल्फ्रेड येऊन उभं राहिलं असतं तर धक्क्यावरच्या भंडारी-कोळ्यांनी त्याला कंपनीचंच जहाज समजलं असतं. इकडे तो झेंडा साष्टी गिळत होता आणि तिकडे त्याच्यासारखाच झेंडा त्याच राजाविरुद्ध उभा होता. पुस्तिकेत हे नसावं, तेही मुंबईच्या कारखान्याने काढलेल्या, याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुस्तिका मराठीत आहे, स्वच्छ मराठीत, आणि त्याबद्दल त्यांना मानाचा मुजरा. आकृत्या मोठ्या, चष्मा लावून वाचता येतात. पण इतिहासाचं पान नासाऊच्या विजयावर थांबतं. नासाऊ मोठीच गोष्ट होती, वाद नाही. मार्च १७७६ मध्ये बहामात जाऊन हॉपकिन्स यांनी माणसं उतरवली, कप्तान सॅम्युअल निकोलस यांच्या मरीन सैनिकांनी दोन किल्ले घेतले आणि ८८ तोफा, १५ मॉर्टर म्हणजे उखळी तोफा लुटून जहाजांत भरल्या. तोफांची दारू मात्र बरीचशी हातची गेली. पहिला किल्ला पडल्यावर सैनिक रात्रभर तिथेच थांबले आणि गव्हर्नरने तेवढ्या वेळात दीडशेवर पिंपं जहाजात घालून पळवली. हॉपकिन्स यांना मुळात जायला सांगितलं होतं ते चेसापीकच्या उपसागरात. या सगळ्यातलं पुस्तिकेत फक्त ‘८८ तोफा जिंकल्या’ एवढंच आलंय. आणि त्याच तोफांच्या ओझ्याखाली, आजारी खलाशांना घेऊन परतताना ग्लासगो भेटलं, हा धागा तर तुटूनच गेलाय. एवढं सुंदर सुकाणू बनवायचं आणि ते का बनवलं हेच सांगायचं नाही!

त्यानंतरचं सांगतो, कारण मॉडेल बनवणाऱ्याला ते माहीत असायलाच हवं. १७७६ च्या हिवाळ्याच्या तोंडावर अल्फ्रेड जोन्स यांच्या हाती आलं. बरोबर ‘प्रॉव्हिडन्स’ हे जहाज घेऊन ते कॅनडाकडच्या केप ब्रेटनच्या थंड पाण्यात गेले आणि नोव्हेंबरात ‘मेलिश’ हे जहाज पकडलं. त्यात कॅनडातल्या ब्रिटिश फौजेसाठी निघालेले हिवाळी गणवेश होते. वॉशिंग्टन यांची माणसं तेव्हा फाटक्या कपड्यांत थंडी काढत होती. तोफांपेक्षा हे कपडे मला जास्त मोलाचे वाटतात. पुढे कोळशाची जहाजंही पकडली. परतताना ‘मिलफर्ड’ ही ब्रिटिश फ्रिगेट मागे लागली तेव्हा जोन्स यांनी रात्री अल्फ्रेडच्या डोलकाठीवर दिवा लावून तिला आपल्यामागे ओढलं आणि पकडलेली जहाजं अंधारात दुसऱ्या वाटेने काढून दिली. मध्य डिसेंबरात अल्फ्रेड बोस्टनला लागलं. किटमध्ये डोलकाठीवरचा कंदील नाही. मी पितळी मणी आणि तांब्याच्या तारेचा करून लावला.

शेवट फार लागतो मनाला. १७७७ मध्ये कप्तान एलिशा हिन्मन यांच्या हाताखाली अल्फ्रेड ‘रॅली’ या नव्या फ्रिगेटबरोबर फ्रान्सला गेलं, लष्करी सामान घ्यायला. परतीच्या वाटेवर ९ मार्च १७७८ ला बार्बाडोसच्या बाजूला ‘एरियाडनी’ आणि ‘सेरीस’ ही दोन ब्रिटिश जहाजं दिसली. रॅली वेगवान, ती लांब निघून गेली. अल्फ्रेड मागे पडलं. ज्या जहाजाने मालाची सफर करताना दिवसात २३७ मैल कापले होते, ते तोफा, वाढवलेल्या बाजू आणि भरलेलं पोट घेऊन पळू शकलं नाही. एकट्याने अर्धा तास लढून हिन्मन यांनी झेंडा उतरवला. पुढे चौकशीत ते निर्दोष सुटले आणि साथ सोडणाऱ्या रॅलीच्या कप्तानाला आरमारातून काढलं. ब्रिटिशांनी अल्फ्रेड आपल्या आरमारात घेतलं, नाव तेच ठेवलं आणि १७८२ मध्ये विकून टाकलं. सहा-सात वर्षांची नोकरी, दोन आरमारं आणि एक शरणागती. शरणागती छापली तर किट विकलं जाणार नाही अशी भीती कारखानदारांना वाटत असेल तर ती काढून टाकावी. ज्या देशात पानिपत प्रत्येक शाळकरी पोराला तोंडपाठ आहे तिथे हार वाचून कुणी पुस्तिका मिटत नाही.

शिडांबद्दल थोडक्यात. कापड छापील आणि जाड, गुंडाळून बांधलेली शिडंच चांगली दिसतात. दोर चकाकणाऱ्या पॉलिएस्टरचे आहेत. ते वापरू नका. मंगलदास मार्केटातून सुती धागा आणा, मेणावरून ओढून घ्या. डोलकाठ्यांना आधार देणारे दोर डांबर लावल्यासारखे काळे, शिडं ओढायचे दोर मातकट.

सेवा उत्तम. कुरियरमध्ये खोक्याचा कोपरा दबून मागची डोलकाठी मोडून आली होती. फोटो पाठवला, दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा नवी काठी घेऊन घरी हजर, वर सुकाणूच्या बिजागऱ्यांचा एक जादा संच. पैसे विचारले तर घेतले नाहीत. फोनवर जो गृहस्थ बोलतो त्याला स्वतःला जहाजं समजतात, नुसती विक्री करणारा नाही. घाईचं काम असेल तर यांच्याकडे जाऊ नका. ऑर्डर दिल्यावर ते कापायला घेतात आणि गणपतीत कारखाना बंद असतो. पहिलंच मॉडेल करणाऱ्यानेही हे घेऊ नये, एखादी साधी होडी आधी करा. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या होड्यांची मॉडेल्स आहेत, ती बघून या, फळी कशी वळते ते डोळ्याला कळेल.

आता कारखानदारांकडे एक मागणं. पुढचं किट ‘हैदर अली’चं काढा. म्हैसूरच्या हैदरअलीचंच नाव दिलेलं पेन्सिल्वेनियाचं जहाज, सोळा तोफांचं, तेही मुळात व्यापारी. ८ एप्रिल १७८२ ला डेलावेअरच्या उपसागरात कप्तान जोशुआ बार्नी यांनी त्यावरून ‘जनरल मंक’ या आपल्यापेक्षा भारी ब्रिटिश जहाजाला अर्ध्या तासाच्या आत शरण आणलं. त्यांनी सुकाणूवरच्या माणसाला आधीच सांगून ठेवलं होतं की मी मोठ्याने जो हुकूम देईन त्याच्या उलट फिरव. शत्रूने ओरडणं ऐकलं, त्याप्रमाणे आपलं जहाज वळवलं आणि त्याची पुढची तिरपी डोलकाठी हैदर अलीच्या दोरांत अडकली. मग लांबीतून मारा, या वेळी उलट बाजूने. इंग्रजांशी लढणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचं नाव तिकडच्या गोदीत जहाजावर चढलं होतं, ते मॉडेल मुंबईत बनलं पाहिजे. लहान जहाज आहे, किंमतही आठ हजारांच्या आत बसेल. सुकाणूची तीच यंत्रणा घाला, डेकचा तुकडा सुटा ठेवा आणि पाटीवर तारीख घालण्याआधी झेंडा तपासा. माझी ऑर्डर आगाऊ रकमेसह आजच धरा.